आठव्या हिश्शाचे घर आणि काकींची ठेव

अक्षय्यतृतीयेला अहिल्यानगरच्या कापड बाजारातील एका जुन्या पेढीच्या घरी वर्षीतपाचे पारणे होते. थोरल्या काकींनी उसाच्या रसाने पारणे केले, पाहुणे जेवून परतले आणि संध्याकाळी घरची मंडळी दिवाणखान्यात निवांत बसली. पुण्याहून आलेल्या धाकट्या पुतण्याने तेव्हा एक रंगीत पुस्तिका सर्वांपुढे ठेवली. लोणावळ्याजवळचा प्रशस्त बंगला, पुढे हिरवळ, मागे पोहण्याचा तलाव आणि समोर डोंगर. हा बंगला एकट्याने घ्यायचा नव्हता. आठ कुटुंबांनी मिळून तो घ्यायचा, प्रत्येकाचा आठवा हिस्सा, प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी पंचेचाळीस रात्री. ज्या रात्री कोणी राहणार नाही, त्या रात्री बंगला भाड्याने जाईल आणि भाडे वाटून मिळेल. एका हिश्शाची किंमत ४८ लाख रुपये.

पैसे काकींचे होते. काका गेल्यानंतर विम्याची रक्कम आणि पेढीतील त्यांचा भाग मिळून ५० लाखांच्या आसपास रक्कम काकींच्या नावे बँकेत ठेवलेली होती. तिच्या व्याजावर त्यांचा औषधपाण्याचा खर्च, दानधर्म आणि माहेरी येणाऱ्या लेकींचा मानपान चालत असे. पुतण्याचा हेतू निर्मळ होता. तो म्हणाला, “काकी, बँकेतल्या पैशाला महागाई खाते. इथे घर राहील, भाडे येईल आणि मुलांना सुटीत जायला हक्काची जागा होईल.”

काकींनी पुस्तिका शांतपणे चाळली आणि विचारले, “हक्काची म्हणतोस, तर मला पैसे हवे झाले की ते मी कोणाकडे मागायचे?”

त्या संध्याकाळी या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. पुढचे दोन महिने ते शोधण्यात गेले.

लोणावळा, अलिबाग, इगतपुरी, महाबळेश्वर आणि गोवा येथील अशा घरांच्या पुस्तिका आज अनेक व्यापारी कुटुंबांत येतात. या पद्धतीला फ्रॅक्शनल ओनरशिप म्हणजे अंशमालकी असे नाव आहे. व्यापारी समाजाला भागीदारी नवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या भागीदारीवरच चालत आल्या आहेत. तथापि, भागीदारीचा करारनामा न वाचता, भागीदार न पाहता आणि फारकतीची अट न ठरवता कोणी शहाणा व्यापारी पेढीत पैसे घालत नाही. सुटीच्या घराची गोष्ट आली की मात्र हीच मंडळी चित्रे पाहून राजी होतात. म्हणून या व्यवहाराकडेही पेढीच्या नजरेनेच पाहणे योग्य ठरते.

नेमके काय विकत मिळते

“घराचा हिस्सा” या दोन शब्दांखाली कायद्याने भिन्न असलेल्या तीन गोष्टी विकल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे थेट सहमालकी. नोंदणीकृत खरेदीखतात खरेदीदाराचे नाव व त्याचा अविभक्त हिस्सा लिहिला जातो आणि पुढे मालमत्तेच्या अभिलेखात त्याचे नाव लागते. येथे घर खरोखरच त्याचे असते. अडचण वेगळी असते. बंगल्याचे आठ तुकडे करून वाटता येत नाहीत. हिस्सेदारांत बेबनाव झाला तर वाटपाचा दावा करावा लागतो. ज्या मालमत्तेचे सोयीस्कर वाटप होऊ शकत नाही, ती विकून पैसे वाटण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. १८९३ च्या वाटप कायद्यात ही तरतूद आहे. मात्र त्यासाठी निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यांनी विनंती करावी लागते. आठव्या हिश्शाच्या एकट्या धन्याला विक्रीची ही वाट सहजी उघडी नसते.

दुसरी गोष्ट, आणि आज सर्वाधिक आढळणारी, म्हणजे कंपनीमार्फत मालकी. बंगला एका खासगी मर्यादित कंपनीच्या किंवा एलएलपीच्या नावावर असतो आणि खरेदीदाराला त्या कंपनीचे भाग मिळतात. येथे घर कंपनीचे असते व खरेदीदार केवळ भागधारक असतो. कंपनीचे संचालक कोण, बंगल्यावर कर्ज काढण्याचा अधिकार कोणाला, व्यवस्थापक बदलायचा तर किती मते लागतील, या साऱ्यांची उत्तरे पुस्तिकेत नसतात. ती कंपनीच्या नियमावलीत आणि भागधारकांच्या करारात असतात. शिवाय खासगी कंपनीचे भाग विकण्यावर निर्बंध असणे हे कायद्याने अशा कंपनीचे लक्षणच मानले आहे. भाग हाती असला म्हणजे तो बाजारात नेऊन विकता येतो, असे नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसता वापराचा हक्क, ज्याला टाइमशेअर म्हणतात. ठरावीक वर्षे, वर्षातील ठरावीक दिवस राहण्याचे ते सभासदत्व असते. मुदत संपली की हाती काही उरत नाही. त्यात गैर काही नाही. परंतु त्याला मालमत्ता म्हणणे हा शब्दच्छल होय.

पुतण्याने आणलेली योजना दुसऱ्या प्रकारची होती. पुस्तिकेत मात्र पानोपानी “आपले घर” असे छापले होते.

नियमनाचा प्रश्नही येथेच येतो. रेरा कायद्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे एकटा बंगला बहुधा या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतो. सेबीने मे २०२३ मध्ये अंशमालकीच्या व्यवसायाविषयी चर्चापत्र काढले आणि मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम रीटचे नियम लागू केले. त्या नियमांखालील योजनेत किमान ५० कोटी रुपयांची मालमत्ता व किमान २०० गुंतवणूकदार लागतात, गुंतवणूक किमान १० लाखांची असते आणि ९५ टक्के रक्कम बांधून पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेतच घालावी लागते. अशा योजनेचे युनिट शेअर बाजारात नोंदलेले असतात. परंतु आठ कुटुंबांचा तीन-चार कोटींचा बंगला या चौकटीत बसत नाही. “सेबीने आता अंशमालकीला मान्यता दिली आहे,” असे विक्रेता सांगू लागला, तर ती मान्यता कोणत्या योजनेला आहे, हे विचारलेच पाहिजे. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवून पस्तावलेली माणसे अजून अनेक घरांत आहेत. त्या अनुभवानंतर १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आले, परंतु तोवर कित्येकांची पुंजी गेली होती.

खतावणीतील हिशेब

घरची थोरली सून सनदी लेखापाल. तिने पुस्तिका बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आकडे मांडले. प्रत्येक योजनेचे आकडे निराळे असतील, परंतु मांडण्याची रीत सर्वत्र तीच राहील.

त्या भागातील तशा बंगल्याची बाजारातील किंमत चौकशीअंती ३ कोटी २० लाख निघाली. म्हणजे आठवा हिस्सा ४० लाखांचा. मागणी होती ४८ लाखांची. वरचे ८ लाख सजावट, कागदपत्रे, कंपनीची स्थापना आणि योजना चालवणाऱ्याचा मोबदला यांपोटी होते. याचा अर्थ, पहिल्याच दिवशी ४८ लाख देऊन ४० लाखांची वस्तू हाती येत होती. बंगल्याची किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तरी गुंतवलेली मुद्दल भरून यायला जवळजवळ चार वर्षे लागणार होती.

नंतर देखभाल. राखणदार, माळी, तलावाची स्वच्छता, वीज, घरपट्टी, विमा आणि डागडुजी मिळून बंगल्याचा वार्षिक खर्च ९ लाख ६० हजार धरला होता. प्रत्येक हिश्शाला १ लाख २० हजार. घर वापरले तरी तो द्यायचा आणि न वापरले तरी द्यायचाच.

सुनेने सात वर्षांचा हिशेब केला, तोही कर वगळून. दरसाल ५ टक्के वाढ धरली तर ४० लाखांचा हिस्सा सात वर्षांनी सुमारे ५६ लाख २८ हजारांचा होतो. करारातील ३ टक्के विक्रीशुल्क वजा जाता साधारण ५४ लाख ६० हजार उरतात. ४८ लाखांवर हा नफा ६ लाख ६० हजारांचा. परंतु सात वर्षांची देखभाल ८ लाख ४० हजार होते. म्हणजे घराची किंमत वाढूनही १ लाख ८० हजारांचा तोटा. तेच ४८ लाख साडेसहा टक्के चक्रवाढीने ठेवीत राहिले असते, तर सुमारे २६ लाख ६० हजार व्याज झाले असते. दोन्हींतील अंतर २८ लाख ४० हजार रुपयांचे.

हे अंतर म्हणजे सुटीची खरी किंमत. कुटुंब वर्षाला दहा रात्री गेले तर सात वर्षांत सत्तर रात्री होतात आणि एका रात्रीची किंमत चाळीस हजारांच्या वर पडते. तसाच बंगला भाड्याने घेतला तर शनिवार-रविवारी रात्रीला २५ हजार पडत होते. वर्षाला सोळा-सतरा रात्रींहून अधिक वापर झाला तरच मालकी परवडणार होती.

पुतण्याने रास्त हरकत घेतली, “वाढ पाच टक्केच का धरायची? लोणावळ्यात जास्त वाढेल.” सुनेने आठ टक्के धरून आकडे पुन्हा मांडले. देखभाल वजा जाता नफा सुमारे १० लाखांचा निघाला. ठेवीच्या २६ लाख ६० हजारांपुढे तोही थोडकाच होता. वाढ याहूनही मोठी झाली तर हिशेब फिरेल, हे खरेच. परंतु वाढीची आशा आणि वाढीची हमी यांतील भेद व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

भाडे कोणाकडून येते

पुस्तिकेत “भाड्यातून सुमारे ६ टक्के उत्पन्न” असे वाक्य होते. बंगला वर्षाला शंभर रात्री सरासरी २२ हजारांनी गेला तर २२ लाख भाडे होते. आठ हिश्शांच्या ३ कोटी ८४ लाखांवर ते सहा टक्क्यांच्या जवळ जाते. वाक्य खोटे नव्हते, केवळ अपुरे होते. या २२ लाखांतून व्यवस्थापनाचे २५ टक्के म्हणजे साडेपाच लाख जातात. आरक्षण मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचे १५ टक्के म्हणजे ३ लाख ३० हजार जातात. उरलेल्या १३ लाख २० हजारांतून ९ लाख ६० हजार देखभालीला लागतात. शिल्लक राहते ३ लाख ६० हजार आणि एका हिश्शाला येतात वर्षाला ४५ हजार. गुंतवलेल्या ४८ लाखांवर हे उत्पन्न एक टक्काही भरत नाही. त्यातही कंपनी आधी आपला कर भरते आणि मग लाभांश हाती आल्यावर भागधारकाला त्यावर पुन्हा कर लागतो.

काकींना ठेवीतून महिन्याला २६ हजार रुपये मिळत होते. नव्या व्यवस्थेत ३,७५० मिळणार होते.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भाडे येऊ लागले की निदान देखभाल खिशातून भरावी लागत नाही. भाडे धरून सात वर्षांचा हिशेब केला, तर दहा रात्रींच्या वापरालाही एका रात्रीची किंमत २४ हजारांवर येते, म्हणजे भाड्याच्या बंगल्याशी जवळजवळ बरोबरी होते. ज्याला या व्याजाची गरज नाही आणि ज्याला तीच जागा पुन्हा पुन्हा हवी आहे, त्याला हा सौदा अगदीच वाईट म्हणता येणार नाही.

परंतु हे भाडे कोणाकडून येते, हा प्रश्न काकींनीच काढला. लोणावळ्याच्या बंगल्यात शनिवारी रात्री उतरणाऱ्या मित्रमंडळींच्या मेजवानीत काय शिजते आणि काय प्यायले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या स्वयंपाकघरात ते शिजले, त्याच चुलीवर दुसऱ्या आठवड्यात काकींचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण करायचे. ज्या उत्पन्नातून त्या गोशाळेला आणि साधर्मिकांच्या मदतीला दान देतात, त्या उत्पन्नात या मेजवानीचा अंश असणार. आठव्या हिश्शाच्या धन्याला बंगल्यात मद्य-मांस चालू नये असा नियम एकट्याने करता येत नाही. बाकीच्या सात हिश्शांचे मत त्यापेक्षा जड असते. तसा नियम झालाच, तर भाड्याच्या रात्री कमी होतात आणि हिशेब पुन्हा पहिल्या जागी येतो. ज्या भाड्यामुळे हा व्यवहार परवडण्याजोगा होतो, ते भाडेच या घराच्या आचाराला परवडणारे नव्हते.

पुतण्या यावर काही बोलला नाही. हा खर्चाचा रकाना त्याने मांडलाच नव्हता.

पंचांगातील रिकामे दिवस

पंचेचाळीस रात्री ऐकायला पुष्कळ वाटतात. त्या कोणत्या, हे पाहण्यासाठी थोरल्या भावाने भिंतीवरचे पंचांग काढले. लोणावळ्याला गर्दी पावसाळ्यात असते. तेव्हा चातुर्मास असतो. आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत स्थानकात प्रवचन, घरी तप-आराधना आणि मध्ये पर्युषण. काकींचा तर या चार महिन्यांत अनावश्यक प्रवास न करण्याचा नियमच आहे. दिवाळीच्या सुटीत सारे जग फिरायला निघते तेव्हा कापडाच्या दुकानात श्वास घ्यायला उसंत नसते आणि पुढे वहीपूजन व लाभपंचमी येते. एप्रिल-मेमध्ये मुलांना सुटी असते, पण तीच लग्नसराईची धांदल. उरतात त्या मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतच्या काही रात्री, आणि त्यांतला नाताळचा आठवडा आठही हिस्सेदारांना हवा असतो.

गेल्या तीन वर्षांत संपूर्ण कुटुंब मिळून बाहेर किती रात्री राहिले, याची मोजदाद झाली. तीर्थयात्रा सोडून हा आकडा एका वर्षी सहा, एका वर्षी नऊ आणि एका वर्षी चार निघाला. बंगला घेतल्यावर सवयी बदलतील असे पुतण्याला वाटत होते. सवयी बदलतातही, परंतु दुकानाच्या वेळा गिऱ्हाईक ठरवते, बंगला नव्हे.

बाहेर पडण्याची वाट

राहिला काकींचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कराराच्या बाविसाव्या पानावर सापडले. पहिली तीन वर्षे हिस्सा विकता येणार नाही. नंतर विकायचा झाल्यास आधी बाकीच्या सात हिस्सेदारांना विचारायचे. त्यांनी नकार दिल्यास योजना चालवणारी संस्था गिऱ्हाईक शोधण्याचा “प्रयत्न करील.” परत घेण्याची हमी कोठेही नव्हती. संस्थाच बंद पडली तर व्यवस्थापन कोण पाहील, यावर करार मौन होता.

संपूर्ण बंगला विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळते. आठवा हिस्सा घेणारे थोडे, आणि तो पूर्ण किमतीला घेणारे त्याहून थोडे. अविभक्त हिश्शावर किंवा अशा भागांवर बँक सहजी कर्जही देत नाही. अडीअडचणीला सोने गहाण ठेवता येते, ठेव मोडता येते, गाळा भाड्याने देता येतो. यातले येथे काहीच लवकर होत नाही.

वारशाचाही विचार करावा लागतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर काकींचा हिस्सा मुला-मुलींत सारखा वाटला जाईल. चार वारस असतील तर प्रत्येकाकडे बंगल्याचा बत्तिसावा भाग येईल. नाताळच्या आठवड्यात कोणी जायचे, यावरून भावंडांत अबोला धरण्याइतका तो पुरेसा आहे, आणि कोणाच्या संसाराला हातभार लावण्याइतका तो मुळीच नाही.

आनंद श्रावकाची वाटणी

या प्रसंगी उपासकदशांग आगमातील आनंद श्रावकाचे स्मरण होते. भगवान महावीरांच्या या गृहस्थ उपासकाच्या संपत्तीचे तेथे जे वर्णन आहे, ते कोणत्याही व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण ठेव्यात सुरक्षित होते, चार कोटी व्यापार-वृद्धीत गुंतलेले होते आणि चार कोटी घरदाराच्या पसाऱ्यात होते. भगवंतांपुढे परिग्रहाचे परिमाण करताना त्याने हीच मर्यादा धरली आणि तिच्यापलीकडचा त्याग केला.

या वर्णनातील सूक्ष्म विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. ठेवा, वृद्धी आणि पसारा ही तीन खाती त्याने वेगळी ठेवली होती. ठेवा संकटासाठी, वृद्धी उपजीविकेसाठी आणि पसारा उपभोगासाठी. कुटुंबांचे नुकसान बहुधा वाईट वस्तू घेतल्याने होत नाही. एका खात्याची वस्तू दुसऱ्या खात्यात लिहिल्याने होते. सुटीच्या घराचा हिस्सा पसाऱ्याच्या खात्यातला आहे. तो वृद्धी म्हणून विकला जातो आणि येथे तर तो काकींच्या ठेव्यातून घेतला जाणार होता.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात जमीन आणि घर यांची मर्यादा प्रथम सांगितलेली आहे. आठवा हिस्सा हा आठवाच परिग्रह, असे म्हणून ती मर्यादा चुकवता येत नाही. किल्ली एक असो वा आठ, चिंता प्रत्येकाला पूर्ण घराची लागते.

कोणाला योग्य, कोणाला अयोग्य

याचा अर्थ अंशमालकी सर्वांनी वर्ज्य मानावी असा नाही. ज्या कुटुंबाचा ठेवा आणि व्यापाराचे भांडवल भरभक्कम आहे, ज्याने कर्ज काढलेले नाही, दहा वर्षे ते पैसे परत आले नाहीत तरी ज्याच्या घरात काही अडणार नाही आणि ज्याची गेल्या तीन वर्षांची नोंद वर्षाला सोळा-सतरा रात्रींचा वापर दाखवते, त्याने हिस्सा अवश्य पाहावा. त्याने तो उपभोगाचा खर्च म्हणून घ्यावा आणि पुढे किंमत वाढली तर तो लाभ समजावा.

घेण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा. सातबारा, बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची नव्हती ना, हे तपासावे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून आणि माथेरानचा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. अलिबाग व गोव्यात किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. तेथील बांधकाम नियमात आहे की नाही, हे चित्रांवरून कळत नाही. घर कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी निबंधकाकडील ताळेबंद व बोजाची नोंद शुल्क भरून कोणालाही पाहता येते, ती पाहावी. व्यवस्थापक बदलण्याचा अधिकार हिस्सेदारांकडे असावा. हिस्सा विकण्याची रीत, त्याचे शुल्क आणि किंमत ठरवण्याची पद्धत लेखी असावी.

आणखी एक वाट आहे. एकमेकांना ओळखणाऱ्या, समान आचाराच्या चार-सहा कुटुंबांनी स्वतःच घर शोधून थेट खरेदीखताने घेतले, तर मध्यस्थाचा मोबदला वाचतो आणि स्वयंपाकघराचा नियम सर्वांच्या संमतीने ठरतो. मात्र तेथेही फारकतीचा करार पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा. स्नेहसंबंध कायम राहावेत अशी इच्छा असेल, तर हिशेब स्नेहावर सोडू नये.

पेढीवरचा निर्णय

आषाढी चौमासी पाखीच्या आधी घरची मंडळी पुन्हा एकत्र बसली. काकींची ठेव जिथे आहे तिथेच राहावी, हे ठरायला वेळ लागला नाही. पुतण्या खट्टू झाला, परंतु सुनेने मांडलेला कागद त्याने जपून घडी करून घेतला. पुण्यात त्याचे दोन मित्र त्याच बंगल्याचा हिस्सा कर्ज काढून घेण्याच्या विचारात होते. त्यांना तो दाखवायचे त्याने ठरवले. “पैसे कोणाकडे मागायचे?” हा प्रश्न त्याने कागदाच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला होता.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर सारे कुटुंब तीन रात्रींसाठी लोणावळ्याला गेले. बंगला भाड्याचाच होता, मालक शाकाहारी होते आणि स्वयंपाकाची भांडी काकींनी घरून नेली होती. मुलांनी डोंगर पाहिला, काकींची सामायिक व्हरांड्यात झाली, आणि परत निघताना नळ गळतो की कौले फुटली आहेत, याची चौकशी कोणालाच करावी लागली नाही. पेढीवर परतल्यानंतर मुनीमजींनी विचारले, ही रक्कम कोणत्या खात्यात टाकायची? थोरल्या भावाने सांगितले, “घरखर्चात. सहलीचे ७५ हजार.”

त्या महिन्याचे व्याज काकींच्या खात्यात नेहमीच्या तारखेला जमा झाले.